थकव्याचा निवाडा थकलेल्याने करू नये

नाईट शिफ्ट संपवून घरी निघालेला सायकलस्वार चौकात गाडीखाली आला, अशी बातमी आली की पुढचा वाद ठरलेला असतो. एक गट म्हणतो, झोप झाली नव्हती तर सायकलवर बसलाच कशाला? स्वतःची काळजी स्वतःला घेता येत नाही का? दुसरा गट लगेच उसळतो: गेलेल्या माणसाच्या झोपेचा हिशेब काय काढता, ज्या गाडीने उडवलं तिचा वेग किती होता ते आधी विचारा. मग दोन्हीकडून तीच वाक्यं, तोच आवेश. दमलेल्या, कणकण असलेल्या, डोकं जड झालेल्या माणसाने कामावरची रोजची ये-जा सायकलवर सुखरूप कशी करावी, हा मूळ प्रश्न मात्र कुणी हातात घेत नाही. मला दोन्ही गट चुकलेले वाटतात, पण सारखे चुकलेले नाहीत. थकवा आणि आजारपण हा सायकलच्या सुरक्षिततेचा खराखुरा प्रश्न आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण 'आज मी सायकल चालवण्याच्या अवस्थेत आहे का' हे ठरवण्याचं काम ऐनवेळी त्या माणसाच्याच गळ्यात घालणं, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी चूक आहे. तो निर्णय डोकं ताळ्यावर असताना आधीच झालेला असावा. शिवाय सायकल तिथेच ठेवून घरी पोचण्याची दुसरी सोय असावी, आणि ती उभी करणं एकट्या सायकलस्वाराच्या आवाक्यातलं नाही.

आधी दुसऱ्या गटाचं, कारण त्यांच्या बाजूने बरंच खरं आहे. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो आणि वेग ताशी 18 किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा हजार-अकराशे ज्यूल भरते. 1,200 किलोची मोटार ताशी 50 किलोमीटरने येत असेल तर तिची ऊर्जा एक लाख पंधरा हजार ज्यूलच्या घरात जाते, म्हणजे शंभर पटींहून जास्त. दमलेला सायकलस्वार चुकला तर बहुतेक वेळा स्वतःचंच हाड मोडून घेतो. दमलेला मोटारवाला चुकला तर दुसऱ्याच्या घरातला माणूस जातो. असं असताना चौकशीची सुरुवात सायकलवाल्याच्या झोपेपासून करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि हा डाव काही नवा नाही. 1920 च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारी वाढल्या, पायी चालणारे त्यांच्याखाली येऊ लागले, तेव्हा मोटार उद्योगाने आणि मोटार क्लबांनी रस्ता ओलांडणाऱ्यालाच अडाणी, बेशिस्त ठरवण्याची मोहीम उघडली. 1925 मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांच्या रस्ता ओलांडण्यावर बंधनं घालणारा नियम केला. जो रस्ता आजवर सगळ्यांचा होता, तो बघता बघता मोटारींचा झाला. हे ज्यांना आठवतं ते 'सायकलस्वाराची अवस्था' असे शब्द कानावर पडताच कान टवकारणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पण सावध होणं वेगळं आणि विषयच बंद करून टाकणं वेगळं. ज्याच्याभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही, त्याला अर्ध्या सेकंदाच्या गाफीलपणाची किंमत सर्वात जास्त मोजावी लागते. मग त्याच्याच थकव्याबद्दल बोलायचं नाही, हा कुठला न्याय? त्याहून महत्त्वाचं असं की हा विषय टाळताना ही मंडळी स्वतःच्या हातातलं सर्वात धारदार हत्यार टाकून देतात. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये 'व्हिजन झिरो' हे रस्तेधोरण स्वीकारलं. त्याचा पायाच असा, की माणूस दमतो, विसरतो, चुकतो, तेव्हा त्याची चूक पोटात घालणारा रस्ता बांधणं ही रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी. वेगळी सायकल-लेन हवी, चौकात मोटारींचा वेग उतरवायला हवा, या मागण्यांमागचं खरं कारण कोणतं? सायकल चालवणारा रोज ताजातवाना नसतो, हेच ना? सायकलस्वार सदैव तल्लख असतो असा आव आणायचा आणि त्याच तोंडाने संरक्षण मागायचं, हे जुळत नाही.

आता थकवा नेमकं काय करतो ते पाहू, कारण 'थोडं दमल्यासारखं वाटतंय' हे इतक्या सहज बोललं जातं की त्यातलं वजनच निघून गेलंय. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटा पण गाजलेला निबंध छापला. माणसांना जागं ठेवून हात आणि डोळा यांचा मेळ पाहणारी चाचणी ते पुन्हा पुन्हा घेत गेले, आणि दुसऱ्या वेळी त्याच माणसांना दारू देऊन तीच चाचणी घेतली. सतत 17 तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यांश असताना होते तितकी घसरली; 24 तासांनी ती 0.10 टक्क्यांच्या पातळीला पोचली. अनेक देशांत 0.05 टक्के ही वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर राबून, ओव्हरटाइम आटोपून रात्री अकराला सायकलचं कुलूप काढणारा माणूस एक थेंबही न पिता त्या रेषेवर उभा असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, त्यामुळे कुणी हटकतही नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मोटारीत डुलकी लागते, सायकलवर कोण झोपतं? वारा लागतो, पाय चालतात, दोन पायडल मारली की तरतरी येते. यात तथ्य आहे. बंद काचा, एकसुरी हायवे आणि मऊ सीट यांनी मोटारवाल्याला येणारी पेंग सायकलस्वाराला सहसा येत नाही. कामाने शिणलेलं डोकं घरी पोचेपर्यंत सायकलवर हलकं होतं, हा अनुभव असंख्य लोकांचा आहे आणि तो खोटा नाही. पण सायकलवरचा धोका झोपून पडण्याचा आहे असं म्हटलंय कुणी? धोका लक्ष सुटण्याचा आहे. पायडल मारणारे पाय जागे असतात. चौकातून वळणारा टेम्पो आपल्याला पाहतोय की नाही, याचा अंदाज बांधणारं डोकं जागं असेलच असं नाही. वाऱ्याने आलेली तरतरी झोपेची उणीव भरून काढत नाही, ती फक्त जाणवू देत नाही.

लेन बदलून वळायचा प्रसंग जवळून पाहा. ताजा माणूस सायकल सरळ ठेवून मान मागे वळवतो, गाडीचं अंतर आणि वेग एका नजरेत जोखतो, एक हात सोडून इशारा करतो, पुन्हा एकदा मागे पाहतो आणि सरकतो. दमलेला काय करतो? मान अर्धीच वळवतो. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हँडल जातं, हे सावरायची हातातली सवय मंदावलेली असते. म्हणून एक हात सोडणं नको वाटतं आणि इशारा गळतो. दुसरी नजर तर टाकलीच जात नाही, कारण पहिल्या नजरेत जे दिसलं त्यावरच तो समाधान मानतो. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. पण ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला पाच मीटर. प्रतिसादाला अर्धा सेकंद उशीर झाला तर अडीच मीटर जास्त, म्हणजे अख्ख्या सायकलपेक्षा लांब अंतर. दाराला हात घालणारा माणूस उभ्या मोटारीत दिसल्यावर थांबायला नेमकं तेवढंच अंतर हाताशी असतं.

'मग हळू चालवा' हा सल्लाही वाटतो तितका निर्धोक नाही. सायकल उभी राहते ती सतत होणाऱ्या बारीक दुरुस्त्यांमुळे: ज्या बाजूला ती कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून चाकं पुन्हा तोलाखाली आणली जातात. वेग असला की या दुरुस्त्या जाणवतही नाहीत, वेग उतरला की त्या मोठ्या आणि वारंवार कराव्या लागतात. दमलेला माणूस आपसूकच हळू चालवतो, चढावर तर रांगतोच, आणि नेमकं तेव्हाच तोल सांभाळायचं काम वाढतं. त्याचं डोलणं मागच्या मोटारवाल्याला कळत नाही. तो कोपरापासून एक हात अंतर सोडून पुढे काढायला जातो, आणि तेवढ्यात सायकल हातभर सरकलेली असते.

आजारपणाचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे, आणि आपल्याकडे सर्वात जास्त थट्टेवारी नेलं जातं ते हेच. साधी सर्दी, तिने काय होतंय, असं म्हणत दुखणं अंगावर काढणारे सगळीकडे आहेत. सायकलवाल्यांत तर ती बढाईची बाब. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र चालवलं जाई. तिथे स्वयंसेवकांना सर्दीचे आणि फ्लूचे विषाणू देऊन त्यांच्यावर लक्ष ठेवलं जाई. 1980 च्या दशकात तिथे झालेल्या चाचण्यांतून एक मजेशीर फरक दिसला. फ्लू झालेल्यांचं लक्ष मंदावलं: खूण कुठे आणि कधी उमटेल हे ठाऊक नसताना ती टिपायला त्यांना उशीर लागू लागला. सर्दी झालेल्यांचं लक्ष बरं होतं, पण हात आणि डोळा यांचा मेळ बिघडला. सायकलच्या भाषेत सांगायचं तर एक आजार बाजूच्या गल्लीतून अचानक येणारं वाहन उशिरा दाखवतो, आणि दुसरा ते दिसल्यावर हँडल नीट फिरवू देत नाही. दोन्हींपैकी कोणता चालेल?

व्यायाम करणाऱ्यांत एक ठोकताळा रूढ आहे: लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहणं, घसा खवखवणं, तर हलका व्यायाम चालेल, मानेखाली असतील, म्हणजे छातीतला खोकला, अंगदुखी, पोट बिघडणं, किंवा ताप असेल, तर विश्रांती. व्यायामापुरता तो ठीक आहे. ताप एक अंश सेल्सिअस वाढला की नाडी साधारण दहाने वाढते, आणि विषाणूचा संसर्ग असताना दमछाक करणारी मेहनत केली तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून ही मानेची रेघ. पण ती हृदयाचा विचार करून आखलेली आहे, रहदारीचा नाही. दडे बसलेले कान मानेच्या वरच असतात, आणि मागून येणारी गाडी सायकलस्वाराला आधी ऐकू येते, मग दिसते. शिंकांची लागोपाठ उबळ मानेच्या वरच येते, आणि त्यात डोळे मिटतात. कानाच्या आतल्या भागाला सूज येऊन तोल जातो तोही मानेच्या वरच. जिममध्ये सायकल मारायला जी तब्येत पुरेल ती रस्त्यावर पुरेलच असं नाही. मानेखालच्या दुखण्यांचं तर विचारूच नका. पोट बिघडून अंगातलं पाणी गेलेला माणूस चढ चढून सिग्नलला पाय टेकतो, पायातलं रक्त वर ढकलणारे स्नायू एकदम थांबतात, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. सिग्नल सुटतो तो नेमका त्याच क्षणी.

औषधांचा मुद्दा या वादात कुणी काढतच नाही, आणि तो तर सर्वात ढळढळीत आहे. सर्दी-ॲलर्जीवरच्या जुन्या पिढीच्या गोळ्या मेंदूत शिरतात आणि गुंगी आणतात. अमेरिकेत आयोवातल्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर केलेला, 2000 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात पुढच्या गाडीच्या वेगाशी वेग जुळवत जाण्याच्या कामात डायफेनहायड्रामीन हे जुन्या पिढीचं औषध घेतलेल्यांची कामगिरी दारू दिलेल्यांपेक्षाही वाईट ठरली, आणि ती दारू थोडीथोडकी नव्हती, रक्तात सुमारे 0.1 टक्के मद्यांश होईल इतकी होती. त्याच अभ्यासात फेक्सोफेनाडीन हे नव्या पिढीचं औषध घेतलेले लोक खोटी गोळी घेतलेल्यांसारखेच चालवत होते. म्हणजे ॲलर्जीवरचा उतारा आणि सायकल यांतलं एक सोडलंच पाहिजे असं नाही. 'गुंगी न आणणारं द्या' असं डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला सांगायचं, एवढंच. पण ते सांगण्यासाठी हा प्रश्न आहे हे आधी मान्य करावं लागतं.

इथे पहिल्या गटाचा लाडका सल्ला येतो: बरं वाटत नाही ना, मग त्या दिवशी गाडी काढा. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्यातला घोळ कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याच्या हातून दहा-पंधरा किलोची सायकल धड आवरली जाणार नाही, त्याच्या हातात टनभराची मोटार द्यायची? वर उल्लेखलेल्या अभ्यासात बिघडलं होतं ते मोटार चालवणंच. स्वतःला आगीतून काढून दुसऱ्याला फुफाट्यात ढकलण्याचा हा प्रकार आहे. तोल गेल्याने पडण्याची भीती असेल, पाय गळून गेले असतील, तर चार चाकं बरी, हे मान्य. पण झोप, गुंगी आणि ताप यांच्या बाबतीत जो सायकलला नालायक तो स्टिअरिंगलाही नालायक. आणि इथे कायदाही सायकलस्वाराला वेगळं काढत नाही. रस्ता वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात चालकाची शारीरिक आणि मानसिक अवस्था वाहन चालवण्याजोगी असली पाहिजे असं कलम आहे, आणि त्याच करारातल्या 'चालक' या व्याख्येत सायकल चालवणाराही येतो. नॉर्वेचा कायदा तर दारूच्या जोडीला आजारी, अशक्त आणि थकलेला ही कारणंही नाव घेऊन सांगतो. दमलेल्या सायकलस्वारावर बोट रोखणाऱ्या किती जणांनी ही कलमं स्वतःच्या मोटारीला लावून पाहिली असतील?

बरं, मग ठरवायचं कुणी? 'आपलं शरीर आपल्याला कळतं' हे उत्तर दोन्ही गटांना मान्य आहे, आणि नेमकं तेच मला सर्वात पोकळ वाटतं. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही लोकांना चौदा दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिलं. त्यांची चाचणीतली कामगिरी दिवसागणिक घसरत गेली, आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला आली. मात्र 'झोप येतेय का' या प्रश्नाला त्यांनी दिलेली उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. त्यांना वाटत होतं, सवय झाली. आयोवातल्या गोळी घेतलेल्यांचंही तेच: किती गुंगी वाटते यावरून ते किती वाईट चालवतील याचा नीट अंदाज बांधता आला नाही. थकव्याचा पहिला घाव पडतो तो थकवा ओळखणाऱ्या शक्तीवर. कुंपणच शेत खात असेल तर राखण कुणाच्या भरवशावर ठेवायची?

म्हणून नियम आधी ठरलेला हवा. वैमानिकांना उड्डाणाआधी स्वतःला विचारायच्या प्रश्नांची एक यादी शिकवली जाते: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. वैमानिक काय स्वतःचं शरीर न कळणारे असतात? त्यांना यादी देतात ती ऐनवेळच्या वाटण्यावर विसंबायला लागू नये म्हणून. झोपेपुरते तर मोजता येतील असे आकडेही उपलब्ध आहेत. 'नेचर'मधला तो निबंध लिहिणाऱ्या संशोधकानेच 2005 मध्ये एका सहकाऱ्यासोबत कामाच्या ठिकाणासाठी सुचवलेला नियम असा: गेल्या 24 तासांत किमान 5 तास आणि गेल्या 48 तासांत किमान 12 तास झोप झालेली असावी, आणि उठल्यापासून काम संपेपर्यंतचा वेळ त्या 48 तासांतल्या झोपेपेक्षा जास्त नसावा. शेवटची अट बोटांवर मोजून बघा. दोन रात्री मिळून बारा तास झोपलेला माणूस सकाळी सातला उठला, तर संध्याकाळी सातला त्याची पुंजी संपते. सायकलवाल्याने यात आपली भर घालावी: आज किंवा काल ताप असेल, चक्कर येत असेल, कान बंद असतील, गुंगीचं औषध पोटात असेल, तर सायकल नाही. 'बघू, कसं वाटतंय' याला त्यात जागा नको.

यावर सर्वात वजनदार आक्षेप सायकलप्रेमींकडून येतो, आणि त्याचं मला खरोखर भय वाटतं: इतकी बंधनं घातलीत तर सायकलवर उरेल कोण? सायकल ही सवयीची गोष्ट आहे. आज सर्दी म्हणून मोटार, उद्या कंटाळा म्हणून मोटार, आणि महिन्याभरात टायरमधली हवा गेलेली. सायकलचा फायदा थोडाथोडका नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कामावर सायकलने जाणाऱ्यांचा अकाली मृत्यूचा धोका मोटारीने किंवा सार्वजनिक वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा 41 टक्के कमी आढळला. असे अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाहीत, निरोगी माणसंच सायकलकडे जास्त वळत असतील हेही शक्य आहे. तरी एवढा फरक झटकून टाकता येत नाही. मग चार आजारी दिवसांच्या धोक्यासाठी एवढ्या लाभावर पाणी सोडायचं का?

नाही सोडायचं, पण त्यासाठी आजारी दिवशीही सायकल दामटलीच पाहिजे असं कुठे आहे? हा आक्षेप गृहीत धरतो की सायकलला पर्याय एकच, आपली मोटार. बस, रेल्वे, कुणाची तरी सोबत, घरून काम किंवा सरळ रजा हे पर्याय जिथे सहज मिळतात तिथे चार दिवसांच्या खंडाने सवय मोडत नाही. ती मोडते जिथे दर खंडाला किल्ल्या हातात घ्याव्या लागतात तिथे. ई-सायकलही इथे उपयोगी पडते, पण अर्धीच: ती चढाचा दम वाचवते, आणि आजारातून उठलेल्या पायांना तो आधार मोठा आहे; मंदावलेल्या नजरेला मात्र ती जास्त वेगाने पुढे नेते.

आणि कामाच्या ये-जेला एक अडचण आहे जी हौसेच्या सायकलवाल्याला ठाऊकच नसते. रविवारी फिरायला निघालेला दमला तर मागे वळतो. कामावर जाणारा सकाळी निघताना ठणठणीत असतो. त्याची खरी परीक्षा दहा-बारा तासांनी, परतताना असते. दुपारी तीनला कणकण सुरू झाली, पाचला अंग ठणकायला लागलं, तर सायकल दाराशी उभी, घर दहा किलोमीटरवर, बाहेर अंधार. पहिला गट ज्याला 'सायकलवर बसलाच कशाला' असं विचारतो, त्याच्यापुढे त्या वेळी निवड असते तरी कोणती?

हा प्रश्न रेल्वेने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रक्त सांडून शिकून घेतलाय. 1861 मध्ये इंग्लंडमध्ये क्लेटन बोगद्यात दोन गाड्या आदळून 23 माणसं मेली, तेव्हा तिथला सिग्नलमन सलग 24 तासांच्या ड्युटीवर होता. एक पूर्ण दिवस सुटी मिळावी म्हणून त्याने ती घेतली होती. पण आपल्या विषयाच्या जास्त जवळचा आहे तो 1892 चा अपघात. यॉर्कशरमधल्या थर्स्कजवळच्या मॅनर हाऊस केबिनमध्ये जेम्स होम्स नावाचा सिग्नलमन होता. आदल्या दिवशी त्याची तान्ही मुलगी वारली होती. तिच्या उशाशी बसण्यात आणि डॉक्टरला शोधत पायपीट करण्यात त्याची झोप गेली होती. आज रात्री मी कामाच्या अवस्थेत नाही, हे त्याने स्टेशनमास्तरला आधीच सांगितलं. बदली माणूस आला नाही. होम्सने केबिन सांभाळली, त्याला डुलकी लागली, आपल्याच हद्दीत उभी असलेली मालगाडी तो विसरला, आणि एक्स्प्रेस तिच्यावर जाऊन आदळली. दहा जण गेले. खटल्यात तो सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला, पण न्यायाधीशाने त्याला शिक्षा न देता सोडून दिलं.

होम्सने तर ते सगळं केलं होतं जे आजचे उपदेशक दमलेल्याला करायला सांगतात. स्वतःची अवस्था ओळखली, वेळेवर सांगितली, काम नको म्हटलं. कमी पडली ती बदली. पुढच्याच वर्षी, 1893 मध्ये, ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि रेल्वे कामगारांच्या अवाजवी कामाच्या तासांत सरकारला हात घालता येऊ लागला. हा कायदा सिग्नलमनला 'नीट झोपत जा' असं सांगत बसला नाही.

कामाची जबाबदारी फाटकापाशी संपते, त्यापुढचा रस्ता ज्याचा त्याने बघावा, असं मालकमंडळी म्हणतील. थकवा मात्र फाटकाबाहेर पडल्यावर सुरू होत नाही. अमेरिकेतल्या इंटर्न डॉक्टरांवरचा एक अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 24 तास किंवा त्याहून लांबलेल्या पाळीनंतर घरी जाताना त्यांना वाहन अपघात होण्याची शक्यता साध्या पाळीच्या तुलनेत दुपटीहून अधिक होती, आणि थोडक्यात टळलेले अपघात तर जवळजवळ सहापट. ते मोटारी चालवत होते. पाळी ठरवणाऱ्याने तो थकवा तयार केला होता. तो घरापर्यंत वाहून नेणं तेवढं डॉक्टरांच्या वाट्याला आलं. पाळीचे तास आखताना त्यात परतीचा रस्ताही धरला पाहिजे असं म्हटलं तर त्यात अवाजवी काय आहे? वीस मिनिटांची डुलकी घ्यायला एक शांत खोली आणि उठल्यावर अंगातली सुस्ती जाईपर्यंत थांबायची मुभा, एवढंही अनेक ठिकाणी मिळत नाही.

खर्चाचा आक्षेप उरतो, आणि गैरफायद्याचा. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि आसपासच्या भागात सायकलने, बसने किंवा कुणाच्या गाडीत वाटा देऊन नियमित कामावर येणाऱ्यांसाठी हमखास घरपोच सोडण्याची योजना आहे. माणूस कामावर आजारी पडला, घरी काही अडचण उद्भवली किंवा अचानक ओव्हरटाइम लागला, तर त्याला फुकट घरी सोडतात. वर्षातून किती वेळा याला मर्यादा असते, त्यामुळे रोज उठून कुणी फुकट टॅक्सी मागत नाही. तिचं स्वरूप विम्यासारखं आहे: लाभ घ्यायची वेळ क्वचित येते, पण ती सोय आहे एवढ्या भरवशावर माणूस सकाळी मोटार घरी ठेवून निघतो. हे एका शहराने, एका मोठ्या कार्यालयाने, किंवा शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून करण्याजोगं आहे. त्याच्या जोडीला गर्दीच्या वेळेबाहेर तरी बसमध्ये किंवा रेल्वेत सायकल चढवू देणं, आणि कामाच्या जागी रात्रभर सायकल ठेवता येईल अशी छप्पर असलेली, कुलूपबंद जागा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त, आणि तिच्यावाचून बाकीचं अडतं: घरी सोडणारी गाडी दाराशी उभी असली तरी सायकल सकाळपर्यंत जाग्यावर राहील याची खात्री नसेल, तर ताप अंगात असतानाही माणूस तिच्यावरच बसणार.